ॲलर्जी म्हणजे नावड नव्हे

‘मला त्या माणसाची ॲलर्जी आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. वांगं आवडत नाही, तीही ॲलर्जी. दूध पचत नाही, तीही ॲलर्जी. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये हा शब्द घडवला, तो मात्र नेमक्या कामासाठी.

घटसर्प झालेल्या मुलांना तेव्हा घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष टोचत. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, पुरळ उठायचं. तेच पुन्हा टोचलं की त्रास लगेच आणि जोरात. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी ताडलं, की औषध तेच आहे, बदललंय ते मूल. या बदललेल्या प्रतिसादाचं नाव ॲलर्जी. गंमत म्हणजे पिर्केंच्या व्याख्येत प्रतिकारशक्तीही बसत होती. ‘अतिसंवेदनशीलता’ एवढाच अर्थ उरला तो नंतर.

याच कोड्याचं भयंकर रूप चार्ल्स रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याआधीच पाहिलं होतं. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ‘ब्लू बॉटल’सारख्या समुद्रजीवांच्या विषावर ते काम करत. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचलं. नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिल्या वेळी तगला. बावीस दिवसांनी पुन्हा थोडंसं विष दिलं. काही सेकंदांत त्याला धाप लागली, पंचवीस मिनिटांत तो मेला. सवयीने बळ यायचं, तर उलटंच झालं. रिशे यांनी याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलं. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ॲलर्जीत चूक होते ती शरीराच्या पहारेकऱ्यांची. पहिल्या भेटीत निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध ‘आयजीई’ ही प्रतिपिंडं तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या भेटीत त्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. अंगावर गांधी उठतात, आपण म्हणतो ‘पित्त उठलं’ आणि आमसुलाचं पाणी लावतो. पण घसा सुजला, श्वास अडला, भोवळ आली, तर आमसुलाचं काम नाही. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि तातडीने रुग्णालय हवं. दुधाने नुसतं पोट फुगणं हे बहुधा लॅक्टेज हे पाचक विकर कमी पडल्याचं लक्षण. तो पचनाचा प्रश्न आहे.

म्हणून डॉक्टरांना ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ एवढंच सांगून थांबू नका. गोळी घेतल्यावर किती वेळाने काय झालं, पुरळ, सूज की नुसती मळमळ, तेही सांगा. नुसत्या मळमळीपायी चांगलं औषध कायमचं बाद व्हायला नको, आणि खरी ॲलर्जी असेल तर ती केसपेपरवर ठळक लिहिलेलीच हवी.