तबकडीची खरी नक्कल

श्रोतेहो, तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा घेताना किंवा निबंधकाच्या कचेरीतून जुन्या खरेदीखताची प्रत काढताना ‘खरी नक्कल’ हा शब्द आपल्या सर्वांच्या कानावरून गेलेला आहे. मूळ दस्तऐवजात जे आहे ते काना-मात्रेसकट उतरले पाहिजे. कागद पुरत नाही म्हणून कारकुनाने चार ओळी गाळल्या, चतुःसीमा थोडक्यात लिहिल्या, तर त्या कागदाला कोणी खरी नक्कल म्हणणार नाही. आज मी अशाच नकलेविषयी बोलणार आहे. मात्र ती कागदाची नव्हे, डीव्हीडीची. खेड्यापाड्यांत आपण तिला सरसकट सीडीच म्हणतो. वडीलधाऱ्या मंडळींना ग्रामोफोनची तबकडी आठवत असेल, म्हणून मी तिला तबकडीच म्हणेन.

हा विषय आपल्या भागाला का महत्त्वाचा, ते आधी सांगतो. धान कापून झाले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज येथील नाटक मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरतात, मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री उघडलेला पडदा उजाडेपर्यंत खाली येत नाही. ह्या रंगभूमीचे एक थोर कलावंत, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले डॉ. परशुराम खुणे, ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण ज्यांचे नाव गावाच्या शिवेबाहेर कोणाला ठाऊक नाही, असे दंडारीतले नाचे, खडी गंमतीतले शाहीर, त्यांचे काय? त्यांचा आवाज आणि त्यांची चाल कुठे उरली असेल, तर ती पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने केलेल्या चित्रीकरणात. ते चित्रीकरण एका तबकडीवर, आणि ती तबकडी कोणाच्या तरी ट्रंकेत लग्नाच्या अल्बमखाली. नाचणारा माणूस गेला, घरातले तबकडी वाजवायचे यंत्र बिघडले, आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची जागाच नाही. चामोर्शी, मूल, आरमोरी, कुठेही विचारून पाहा, हीच कथा.

म्हणून नक्कल करावयाची, आणि ती आताच. पण कशी? बहुतेक लोक दुकानात जातात, ‘ह्याची कॉपी करून द्या’ म्हणतात आणि मिळेल ते घेऊन येतात. इथेच घोटाळा होतो.

तो समजण्यासाठी तबकडीच्या पोटात किती मावते हे पाहू. साधी, एका थराची डीव्हीडी ४.७ अब्ज बाइट घेते. संगणक हाच आकडा आपल्या हिशेबाने सुमारे ४.३७ जीबी असा दाखवतो, तेव्हा फसवणूक झाली असे समजू नये. दोन थरांची तबकडी ८.५ अब्ज बाइट घेते. तबकडीवरचे चित्र सेकंदाला २५ वेळा बदलते आणि प्रत्येक चित्रात आडवे ७२० व उभे ५७६ ठिपके असतात. गुणाकार केला तर सेकंदाला एक कोटी तीन लाखांवर ठिपके झाले. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात फळ्यावर अवश्य करून दाखवावे, मुलांना मजा येते. हे सगळे जसेच्या तसे लिहू गेले, तर पाच-सहा मिनिटांतच साधी तबकडी भरून जाईल.

मग त्यात दोन तासांचे नाटक बसते कसे? तर ते आधीच आवळलेले असते. मागचा जंगलाचा पडदा हालत नाही, मग तो प्रत्येक चित्रात पुन्हा कशाला लिहायचा? एकदा लिहिला आणि पुढे फक्त हालणाऱ्या नटाची नोंद ठेवली. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे सोडून दिले. अशा युक्त्यांनी मूळ मजकुराचा सुमारे पंचविसावा भाग उरतो. तेव्हा ‘न आवळता नक्कल’ ह्याचा अर्थ इतकाच की, एकदा जे आवळले गेले आहे ते आपण पुन्हा आवळायचे नाही. पहिल्या वेळी गेलेले परत येत नाही, पण दुसऱ्यांदा घालवणे आपल्या हातात आहे.

दुसऱ्यांदा आवळले की काय होते? झेरॉक्सवरून झेरॉक्स, तिच्यावरून आणखी एक, असे करीत गेल्यावर अक्षरे कशी फुटतात ते शाळांतून सर्वांनी पाहिले आहे. पोथ्यांचेही तेच होत असे. नकलेवरून नक्कल होत ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले की शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथ महाराजांना ती शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. पोथीचे एक बरे होते. अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवता येतो. तुमच्या गावच्या दंडारीची एकच तबकडी असेल आणि तिची आवळलेली नक्कल करून मूळ फेकून दिली, तर ताडायचे कशाशी?

आणि दंडारीलाच ह्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. खुर्चीवर बसून बोलणारा वक्ता आवळला तरी फारसा बिघडत नाही, कारण त्याचे ओठ आणि हात तेवढे हालतात. पण पंधरा-वीस माणसे एका तालात नाचत आहेत, दिवे कमी, मागे काळोख. अशा वेळी सगळेच चित्र हालत असते, वाचवायला जागा उरत नाही. मग काळोखाचे चौकोनी तुकडे दिसू लागतात, चेहरे पुसट होतात, घुंगरांच्या पायांची नुसती धूसर रेघ उरते. नाच थांबला की चित्र पुन्हा बरे दिसते, आणि म्हणूनच दुकानात पहिले दोन मिनिट पाहून घरी आणणाऱ्याला काही कळत नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाने आजोबांच्या दंडारीच्या दोन तबकड्या नक्कल करायला एका दुकानात दिल्या होत्या. दुकानदाराने प्रेमाने दोन्हींचे मिळून एकीवर बसवून दिले, वर ‘एका सीडीचे पैसे वाचले’ असेही सांगितले. दोन पोती धान एका पोत्यात भरायचे तर अर्धे सांडावेच लागेल, हे आपल्याला सांगायला नको. नशिबाने मूळ तबकड्या घरी होत्या.

खरी नक्कल करण्याचे मार्ग अनेक आहेत, पण आज सर्वांत चांगला एकच आहे असे माझे मत आहे. तबकडीची नक्कल तबकडीवर न करता आधी संगणकाच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. संपूर्ण तबकडीची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत एक अखंड फाइल करता येते, तिला ‘आयएसओ’ म्हणतात. ही म्हणजे तबकडीचा साचाच. तीत काही आवळावे लागत नाही, कारण जागेची तंगी नसते. ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर साध्या तबकडीच्या तेरा नकला राहतात. संगणकाला फट नसेल, तर तारेने जोडण्याचे स्वतंत्र डीव्हीडी यंत्र मिळते. गावात एकाने घेतले तरी दहा घरांचे काम होते. शाळेतल्या जुन्या संगणकालाही ते यंत्र बहुधा असते. भंगारात देण्यापूर्वी ते तपासावे, ही मुख्याध्यापकांना विनंती.

एक अडचण मात्र नेहमी येते. ३२ जीबीपर्यंतचे पुष्कळ पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ ह्या जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल ठेवता येत नाही. जागा रिकामी दिसते, पण फाइल जात नाही. तेव्हा घाबरून फाइल लहान करू नये. पेन ड्राइव्ह रिकामा करून ‘एक्सफॅट’ पद्धतीने पुन्हा आखून घ्यावा, म्हणजे काम होते.

तबकडीच हवी असा आग्रह असेल, तर साधीची नक्कल साधीवर आणि दोन थरांचीची दोन थरांच्या कोऱ्या तबकडीवर करावी. तशी कोरी तबकडी मिळाली नाही, तर मजकूर दोन साध्या तबकड्यांवर विभागावा, मध्यंतराशी तोडला की खटकतही नाही. मधल्या जाहिराती गाळून जागा करण्याचाही एक मार्ग आहे, पण तो मला पसंत नाही. वीस वर्षांपूर्वीची वडशाच्या कापडदुकानाची जाहिरात आज तुम्हाला कचरा वाटते; तुमच्या नातवाला ती नाटकाइतकीच मोलाची वाटेल.

आता प्रत्यक्ष कृती. तबकडी मऊ, सुती, कोरड्या फडक्याने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये. कारण असे की, मजकूर गोलाकार फेऱ्यांत लिहिलेला असतो. फेऱ्यांना आडवा जाणारा चरा यंत्राला बहुधा भरून काढता येतो, पण फेरीच्या दिशेने गेलेला लांब चरा सलग मजकूर खातो. विंडोजवर ‘इमगबर्न’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आयएसओ करून देतो. वाचताना यंत्र एखाद्या जागी अडखळले, तर पुन्हा पुन्हा तीच तबकडी घुमवीत बसू नये. लिनक्सवरचा ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्रॅम अशा वेळी फार उपयोगी पडतो. तो आधी चांगला भाग भराभर उचलून ठेवतो आणि मग दुखऱ्या जागांकडे सावकाश परततो. जाणता वैद्य असाच वागतो. कधी कधी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात तीच तबकडी निमूट वाचली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

नक्कल खरी झाली हे ओळखायचे कसे? डोळ्यांनी पाहून नव्हे. पहिली खूण आकाराची: मूळ तबकडीवरचा मजकूर जितक्या बाइटांचा तितक्याच बाइटांची नक्कल हवी. मूळ दोन तबकड्या मिळून साडेआठ जीबी आणि नक्कल सव्वाचार, तर काय झाले ते उघडच आहे. दुसरी खूण अधिक पक्की. संगणक कोणत्याही फाइलवरून एक लांबलचक ओळखसंख्या काढून देतो, तिला ‘चेकसम’ म्हणतात. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ही संख्या बदलते. तबकडी दोनदा वाचून दोन आयएसओ कराव्यात आणि दोघींची ओळखसंख्या जुळते का ते पाहावे. जुळली, की नक्कल साक्षांकित झाली समजा. ती संख्या कागदावर लिहून ठेवली तर पाच वर्षांनीही फाइल शाबूत आहे की नाही ते कळेल.

व्हॉट्सॲपवर पाठवले आहे किंवा यूट्यूबवर टाकले आहे, म्हणजे आता ते सुरक्षित, असा समज पसरला आहे. लोकांपर्यंत पोचवायला ही साधने उत्तम आहेत, परंतु व्हॉट्सॲप नेहमीच्या रीतीने पाठवलेला व्हिडिओ पुन्हा आवळते आणि यूट्यूबही आपल्या सोयीने तो नव्याने आवळून दाखवते. तेव्हा तिथे खुशाल टाकावे, पण आयएसओ घरी ठेवावी.

कायद्याविषयी दोन शब्द. आपल्या घरचे लग्न, शाळेचे संमेलन, गावाने स्वतः केलेली दंडार ह्यांची जपणुकीसाठी नक्कल करण्यात सहसा अडचण येत नाही. पण नाटक हे लेखकाचे आणि मंडळीचे असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे चालतो, तेव्हा नकला वाटण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. विकत मिळणाऱ्या सिनेमांच्या तबकड्यांना तर कुलूप घातलेले असते आणि ते तोडण्याविषयी २०१२च्या दुरुस्तीने वेगळे कलम आले आहे. त्या भानगडीत पडण्याचे आपल्याला कारण नाही, सिनेमाच्या प्रती इतरत्र आहेत.

अर्थात सिनेमाच्या तरी सगळ्या आहेत असे कुठे आहे? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत दाखवला गेला, आज त्याची काही रिळेच उरली आहेत. पुढे २००३च्या जानेवारीत पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मा तीत जळाल्या. एवढ्या मोठ्या संस्थेचे असे होते, तर ट्रंकेची काय कथा! आणि पाण्याचे भय तर आपल्या दारातच आहे. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडाऱ्यापासून आपल्या जिल्ह्यापर्यंत कितीतरी घरांत शिरला होता. म्हणून नकला दोन कराव्यात आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. नदीकाठच्या गावाने दुसरी नक्कल नदीकाठच्याच गावी ठेवू नये, एवढे मात्र पाहावे.

मूळ तबकडी फेकू नये. ती उभी, डबीत घालून, भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी. आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, तर घरी लिहिलेल्या तबकडीतल्या रंगाच्या नाजूक थराला कुठून सोसणार? पत्र्याखालच्या माळ्यावर ती नकोच. तिच्यावर चिकटपट्टी लावू नये, बॉलपेनने लिहू नये. नाव घालायचेच तर मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर मऊ मार्करने घालावे.

आणि प्रत्येक नकलेबरोबर एक साधा कागद असू द्यावा: गाव कोणते, साल कोणते, दंडार कोणाची, ढोलकीवर कोण, स्त्रीपार्टात कोण, चित्रीकरण कोणी केले. हे सांगणारी माणसे अजून गावात आहेत. वर्गातल्या मुलांना येत्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे वही घेऊन पाठवता येईल.