जुनी गाडी घेताना : आधी कागद, मग चावी

बऱ्याच घरांत सध्या जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घ्यायचा विचार चालू आहे. घरची सात-आठ माणसं एका वेळी बसतात, दवाखान्याला रात्री-अपरात्री निघता येतं. पैसे बहुतेक वेळा आपल्याच गटाच्या कर्जातून उभे राहतात. म्हणून हा सौदा नुसता पुरुषमंडळींवर सोडू नका.

आधी गाडी बघू. ती सकाळी, इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनाचं मोठं काम निघू शकतं. गाडीखाली वाकून गंज आणि वेल्डिंगचे जोड बघा. टायर एकाच बाजूने झिजलेत का तेही बघा. टायरवर चार आकडे असतात : 2321 म्हणजे 2021 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. मीटर कमी दाखवतो आणि टायर, पेडल, सीट मात्र झिजलेले, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको.

आता कागद. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना 35 हातात आल्याशिवाय इसारही देऊ नका. नोंदणीची मुदत बघा. खाजगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. थकलेला दंडही तपासा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारता येत नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

आपल्याकडे स्टॅम्पवर लिहून गाडी देतात-घेतात. त्याने गाडी तुमची होत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे. त्यासाठी नमुना 29 आणि 30 वर सह्या लागतात. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. थोडी रक्कम नावबदल होईपर्यंत हातात राखा आणि तसं पावतीवर लिहून घ्या.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताई भरणार, मग आरसीवर नाव कुणाचं? ताईचंच हवं. गाडी नावावर असायला गाडी चालवता यायला हवी, असा कुठलाही नियम नाही. उद्या गाडी विकायची झाली तर तुमच्या सहीशिवाय विकता येणार नाही, आणि हप्ते उरले असतील तर ते फेडायला तीच गाडी कामी येईल. गटाच्या पुढच्या बैठकीत, कर्ज मंजूर करण्याआधी, एवढा एक प्रश्न नक्की विचारा.