कपाट भरलेले, तरी घालायला काहीच नाही!

पुरुषांच्या कपाटात साधारणतः तीन प्रकारचे कपडे आढळतात. रोज वापरून विटलेले, आहेरात आलेले आणि स्वतःच्या लग्नात एकदाच अंगावर चढलेले. त्यामुळे मुलाखतीचा दिवस उजाडला की घरात शोधाशोध सुरू होते आणि अखेर भावाचा शर्ट उसना घेतला जातो. खर्च कमी पडतो असे नाही. खर्चाचा क्रम चुकतो. एका दिवसाच्या शेरवानीसाठी हात सैल सुटतो आणि वर्षातून दोनशे वेळा घालायच्या पँटसाठी मात्र घासाघीस चालते.

उत्तम पेहरावाचा पहिला निकष किंमत किंवा ब्रँड नसून माप हा आहे. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशीच संपली पाहिजे. ती दंडावर उतरली, तर महागडा शर्टही मागून आणल्यासारखा दिसतो. रेडिमेड कपडे घेताना खांदा आधी पाहावा, असा आग्रह धरण्याचे कारण व्यावहारिक आहे. पँटची उंची, कंबर किंवा बाहीची लांबी शिंपी थोडक्यात कमी करून देतो; खांदा दुरुस्त करायचा तर बाही उसवून नव्याने बसवावी लागते. कोटाच्या बाबतीत तर या वाटेला न गेलेलेच बरे. गळ्याचे बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटे जावीत आणि बाही मनगटाच्या हाडापाशी थांबावी. लेबलवरील आकड्यावर विसंबू नये, कारण एका कंपनीचा ४० दुसऱ्या कंपनीच्या ४० सारखा असतोच असे नाही.

दुसरा प्रश्न कापडाचा. मुंबईसारख्या दमट शहरात तो केवळ सौंदर्याचा राहत नाही. सुती धागा हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के धरून ठेवतो, लिनन त्याहून अधिक. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. गर्दीच्या लोकलमधून उतरलेल्या माणसाचा चकचकीत शर्ट पाठीला का चिकटतो, याचे उत्तर येथे मिळते. लिननला सुरकुत्या पडतात, हे खरे. पण त्या त्या कापडाचा स्वभाव म्हणून खपून जातात. घामाचे डाग खपत नाहीत. रोज इस्त्री करणे शक्य नसल्यास सुताचे प्रमाण जास्त असलेले मिश्र कापड हा मधला मार्ग आहे.

मुंबईचे मंगलदास मार्केट किंवा पुण्याचा लक्ष्मी रोड येथून कापड घेऊन शिवण्याचा पर्याय अजूनही उत्तम आहे. मात्र दुकानदाराला आधी पन्हा विचारावा. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीचा शर्ट १.६० मीटरमध्ये बसतो. ३६ इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागते. सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी पाण्यातून काढावे, अन्यथा पहिल्या धुण्यातच बाह्या आखूड होतात. १९२५ साली ठाण्यात लोकरीची गिरणी म्हणून सुरू झालेल्या रेमंडचे सूटपीस आहेरात देण्याची रीत कित्येक घरांनी पाळली. असे एखादे कापड कपाटात पडून असेल, तर नव्या खरेदीपूर्वी ते बाहेर काढावे.

सुरुवात थोडक्यात करता येते. पांढरा, फिकट निळा आणि बारीक रेघांचा असे तीन शर्ट, गडद निळी आणि राखाडी अशा दोन पँट. एवढ्यात सहा जोड तयार होतात. बूट आणि पट्टा एकाच रंगाचे असावेत. लग्नासाठी सूट शिवायचाच असेल, तर तो साधा गडद निळा असावा, म्हणजे कोट आणि पँट पुढे वेगवेगळेही वापरता येतात. समारंभासाठी सुती झब्बा आणि कोल्हापुरी चप्पल पुरेशी ठरते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिची खरी चर्चा झाली ती २०२५ मध्ये प्राडाने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्यावर! पावसात मात्र ती घालू नये. चामडे भिजले की तिचा आकार जातो.

बूट सलग दोन दिवस वापरू नयेत, आतला घाम सुकायला एक दिवस लागतो. कोट खिळ्याला न अडकवता रुंद खांद्याच्या हँगरवर ठेवावा. पावसाळ्यात बंद कपाटातील पट्ट्यांना आणि बुटांना बुरशी धरते, म्हणून ऊन पडेल त्या दिवशी कपाटाची दारे तासभर उघडी ठेवावीत.