सुट्टीतलं काम आणि पहिला आठवडा

परीक्षा संपली की आपल्यातले कितीतरी जण कामाला लागतात. कुणी एमआयडीसीत माल चढवायला, कुणी बांधकामावर, कुणी डिलिव्हरीला, तर कुणी गावाकडे मोसंबीच्या बागेत. पुढच्या वर्षाची फी काढायची असते ना! पण जालन्याचा एप्रिल-मे कसा असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतोच.

आता एक गोष्ट नीट ऐका. उन्हाचा जास्त धोका मुरलेल्या कामगाराला नाही, नवख्याला असतो. अमेरिकेतली कामगार सुरक्षा संस्था ‘ओशा’ सांगते, की उघड्यावरच्या कामात उष्णतेने होणारे निम्म्याहून जास्त मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात. कारण साधं आहे. उन्हात काम करायची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. वर्षभर पंख्याखाली बसलेल्या आपल्याला ती कुठून असणार? त्यात ‘आपण काय कमी आहोत का’ म्हणून पहिल्याच दिवशी आपण जास्त राबतो.

म्हणून पहिल्या दिवशी पाळीचा पाचवा हिस्साच उन्हात काढा, मग रोज थोडं थोडं वाढवा. मुकादमाला तसं सांगायला लाजू नका. तहानेची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. डोक्याला रुमाल, अंगात सैल सुती कपडे. जमेल तिथे १२ ते ४ सावलीतलं काम मागून घ्या. ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

गरगरलं, मळमळलं, पायात गोळे आले की तिथेच थांबा. सोबतचा मित्र असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळीही नको, ती इथे काम करत नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात लोक उन्हात नुसते बसले होते, तरी १४ जणांचा जीव गेला. आपण तर ओझी उचलतो.

एक हजेरी बुडाली तर बुडू द्या. आणि तुमच्या ग्रुपमधलं कोण कुठे नवीन कामाला लागलंय, ते आजच विचारा.