मासा रबराचा, पाणी खरे

नरभक्षक माशांचे स्वस्तातले भयपट पाहून मुले तळ्यात उतरायला घाबरतात. पण पाण्यात भ्यायचे ते नेमके कशाला?

निळ्याशार पाण्यात एक तरुणी एकटीच पोहते आहे. काठावर तिची मित्रमंडळी हसतखिदळत बसली आहेत. कॅमेरा हळूच पाण्याखाली जातो आणि तिचे हलणारे पाय दिसू लागतात. संगीत एकाएकी थांबते. मग पाणी ढवळते, किंकाळी उठते आणि पडदाभर लाल रंग पसरतो! नरभक्षक माशाचा चित्रपट कोणत्याही देशातला असो, हा प्रसंग त्यात ठरलेलाच. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. तरीही तो नकळत पाय वर घेऊन बसतो.

भिलाईहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथले पाणी म्हणजे दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ नदी, पोलाद कारखान्याला पाणी पुरवणारे मरोद्याचे जलाशय आणि गावोगावचे तलाव. छत्तीसगडीत तलावाला 'तरिया' म्हणतात, आणि तरियाशिवाय इथले गाव सहसा सापडायचे नाही. या पाण्यात शार्क येणे शक्य नाही आणि पिरान्हा तर मुळातला दक्षिण अमेरिकेचा रहिवासी. तरी हिंदीत डब झालेले हे चित्रपट आधी केबल टीव्हीवरून आणि मग मोबाइलवरून घराघरांत पोहोचले. त्यांच्यामागोमाग भीतीही आली. म्हणूनच हे मासे पडद्यावर आले कसे आणि त्यांच्यात खरे किती, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असलेले बरे.

'जॉज'ची धाकटी भावंडे

या सगळ्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे 'जॉज'. पीटर बेंचले यांच्या १९७४ सालच्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो काढला आणि १९७५ च्या जूनमध्ये तो अमेरिकेत झळकला. त्यासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचे ठरलेले चित्रीकरण त्यामुळे दीडशेहून अधिक दिवस लांबले. शार्क चालेना, म्हणून स्पीलबर्ग यांनी तो बराच वेळ दाखवलाच नाही. पाण्यावर पुढे सरकणारे पिवळे पिंप आणि जॉन विल्यम्स यांचे दोन सुरांचे संगीत यांवरच त्यांनी काम भागवले. न दिसणाराच मासा अधिक भीतिदायक ठरला!

या चित्रपटाने गल्ला भरला आणि जगभरच्या छोट्या निर्मात्यांचे डोळे चमकले. समुद्रकिनारा फुकट, पोहणारे नट-नट्या स्वस्त, आणि मासा पाण्याखालीच असल्याने तो फारसा दाखवावाही लागत नाही. कमी भांडवलाच्या धंद्याला यापेक्षा सोयीचे काय असणार? मग अस्वलापासून अष्टपादापर्यंत प्रत्येक प्राणी माणसे खाऊ लागला. इटलीत १९८१ साली निघालेला शार्कपट तर 'जॉज'शी इतका मिळताजुळता होता, की युनिव्हर्सल कंपनीने न्यायालयात जाऊन अमेरिकेतले त्याचे प्रदर्शन बंद पाडले.

या भाऊगर्दीत नाव राखून राहिला तो १९७८ चा 'पिरान्हा'. कमी पैशांत चित्रपट काढण्यात हातखंडा असलेले रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीचा हा चित्रपट, दिग्दर्शक जो डान्टे आणि पटकथाकार जॉन सेल्स. 'जॉज'वर ९० लाख डॉलर खर्च झाले होते. इथे सगळे मिळून १० लाखसुद्धा नव्हते. काड्यांच्या टोकाला लावलेले रबरी मासे पोहण्याच्या तलावात हलवायचे, चित्रीकरणाचा वेग बदलून ते वळवळ करीत धावताना दाखवायचे आणि उरलेले काम लाल रंगावर सोपवायचे, अशी ही युक्ती. पण कथेत दम होता आणि विनोदही होता. हा चित्रपट थांबवावा काय, असा विचार युनिव्हर्सल कंपनी करीत होती. परंतु खुद्द स्पीलबर्ग यांनाच तो आवडला आणि विषय तिथेच मिटला.

त्याच्या दुसऱ्या भागात मासे चक्क उडू लागले. त्याचे दिग्दर्शन करणारा तरुण पुढे 'टर्मिनेटर' आणि 'टायटॅनिक'मुळे जगाला ठाऊक झाला. त्याचे नाव जेम्स कॅमेरॉन. स्वस्तातल्या भयपटांची ही शाळा अशी अनेकांच्या उपयोगी पडली.

आपल्याकडचा 'आतंक'

भुताखेतांचे भयपट रामसे बंधूंनी आपल्याकडे घरोघर पोहोचवले. पण माशाच्या वाटेला हिंदी चित्रपट फारसा गेला नाही. अपवाद 'आतंक'चा. कोळ्यांचे गाव, समुद्र आणि माणसांचे बळी घेणारा शार्क अशी त्याची कथा. धर्मेंद्र आणि हेमामालिनी ही जोडी त्यात होती आणि राष्ट्रीय जलतरणपटू म्हणून गाजलेल्या नफिसा अलीही होत्या. हा चित्रपट इतका रखडला, की १९९६ मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा त्यातले विनोद मेहरा आणि अमजद खान हे दोघेही हयात नव्हते. विनोद मेहरा १९९० साली गेले होते आणि अमजद खान १९९२ साली. 'जॉज'ला वीस वर्षे उलटून गेली होती आणि 'ज्युरासिक पार्क'चे डायनासोर हिंदी बोलत गावोगावी फिरून आले होते. त्यांच्यापुढे 'आतंक'चा शार्क कोणाला घाबरवणार?

खऱ्या शार्कची गाठ मात्र महाराष्ट्रात पडली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यातल्या मनोरजवळ, वैतरणा नदीच्या खाडीच्या भागात, शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. तो 'बुल शार्क' जातीचा होता. ही जात गोड्या पाण्यातही वावरू शकते आणि भरतीबरोबर नदीत वरपर्यंत शिरते. पण अशी घटना बातमी होते ती विरळा म्हणूनच. शार्कने आपणहून माणसाला चावण्याच्या घटना साऱ्या जगात मिळून वर्षाला साठ-सत्तर होतात आणि त्यांत सरासरी पाच-सहा माणसे दगावतात. उलट माणूस दर वर्षी जे शार्क मारतो त्यांचा अंदाज कोट्यवधींत जातो. 'जॉज'चे लेखक बेंचले यांना याची रुखरुख लागली आणि २००६ मध्ये निधन होईपर्यंत ते शार्कच्या संरक्षणासाठी झटत राहिले. शार्कच्या घटत्या संख्येला आपला चित्रपटही कारणीभूत ठरला, याबद्दल स्पीलबर्ग यांनीही २०२२ मध्ये खेद व्यक्त केला.

रूपचंदचे दात

पिरान्हाची ख्याती तर चित्रपटाच्याही आधीची. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलात हिंडून आले आणि त्यांच्या प्रवासवर्णनातून हा मासा क्रौर्याची मूर्ती म्हणून जगापुढे आला. प्रत्यक्षात लाल पोटाचा पिरान्हा वीतभर लांबीचा, काहीसा भित्राच असतो. तो थव्याने राहतो ते शिकारीसाठी नव्हे, तर मगरी आणि मोठ्या माशांपासून जीव वाचवण्यासाठी, असे संशोधकांना आढळले आहे. मेलेले प्राणी, लहान मासे, किडे, झाडपाला असे त्याला सगळेच चालते.

तो चावत नाही असे मात्र नाही. ब्राझीलमध्ये नद्यांवर बंधारे झाले, पाणी संथ झाले आणि पिरान्हांना अंडी घालायला जागा मिळाली. आपल्या अंड्यांजवळ आलेल्या पायाला तो एकदा कडकडून चावतो आणि दूर होतो. अर्जेंटिनात रोसारिओ इथे २०१३ च्या नाताळच्या दिवशी याच कुळातल्या माशांनी नदीत उतरलेल्या सत्तरएक जणांना जखमी केले. काहींची बोटे गेली. पण सांगाडाच शिल्लक राहावा, तसला प्रकार पडद्यावरचाच.

भिलाई-दुर्गच्या मासळीबाजारात मिळणारा रूपचंद या पिरान्हाचा नातलग. त्याचे परदेशी नाव पाकू. तोही दक्षिण अमेरिकेचा. बांगलादेशमार्गे भारतात आला आणि झटपट वाढतो म्हणून तळ्यांत पाळला जाऊ लागला. लालसर पोट आणि चपटे अंग यांमुळे तो पिरान्हासारखा दिसतो. अधूनमधून कुठल्या तरी नदीत तो सापडतो आणि 'नरभक्षक मासा सापडला' अशी बोंब उठते. ओळखायची खूण तोंडात आहे. पिरान्हाचे दात करवतीसारखे त्रिकोणी. रूपचंदचे चौकोनी, जवळजवळ माणसाच्या दाढांसारखे. ते फळे आणि बिया फोडण्यासाठी असतात. त्याच्याबद्दल काळजी आहे ती वेगळीच. हा परका पाहुणा तळ्यातून निसटून नदीत गेला तर तिथल्या मूळच्या माशांच्या तोंडचा घास पळवील, असे जाणकार सांगतात.

खलनायक कोण?

हे चित्रपट पुन्हा पाहिले तर एक गंमत ध्यानात येते. 'जॉज'मध्ये समुद्रात धोका आहे हे पोलीस अधिकारी पहिल्यापासून सांगत असतो. पण पर्यटनाचा हंगाम बुडेल म्हणून नगराध्यक्ष किनारा बंद करीत नाही. 'पिरान्हा'तले मासे लष्करानेच व्हिएतनामच्या युद्धासाठी वाढवलेले असतात. ते नदीत सुटल्याचे कळूनही ती बातमी दाबली जाते आणि खाली मुलांचे शिबिर चालूच राहते. म्हणजे मासा नावापुरता. माणसे मरतात ती 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्यांमुळे. रबरी माशांच्या या चित्रपटांत खरी गोष्ट कोणती असेल, तर हीच.

आणि धडधडीत खोटी गोष्ट कोणती, तर किंकाळी! पडद्यावर संकटात सापडलेला माणूस हात उंचावतो, ओरडतो, पाणी उडवतो. खरोखर बुडणाऱ्याला हे काहीच जमत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वरखाली होत असते. मिळेल तेवढा वेळ श्वास घेण्यातच जातो, हाक मारायला हवा उरत नाही. हात वर करण्याऐवजी तो नकळत ते बाजूला पसरून पाणी खाली दाबू पाहतो. मान मागे, तोंड उघडे, शरीर उभे, आणि सगळीकडे शांतता. लांबून पाहणाऱ्याला वाटते, मूल खेळते आहे. मिनिटाच्या आत ते दिसेनासे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात तीन लाख माणसे बुडून मरण पावली. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. भारतात २०२२ मध्ये अपघाताने बुडून गेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांच्या वर आहे. शार्कच्या पाच-सहा बळींशेजारी हा आकडा ठेवून पाहावा!

घरच्यांनी एवढे करावे

दुर्ग-भिलाईच्या परिसरात भीती बाळगायची ती पाण्याचीच. आसपासच्या जुन्या खदानी पावसाळ्यात तुडुंब भरतात. त्यांचा काठ उतरता नसतो, कडा असतो. एका पावलावर गुडघाभर पाणी तर पुढच्या पावलावर ठाव नाही. शिवनाथेला वरच्या पावसाने अचानक पाणी चढते. तलावांच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात आणि तळाशी गाळ असतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर पोहता न येणारेही उत्साहाच्या भरात पुढे सरकतात. मराठी घरांनी ही वेळ विशेष सांभाळायला हवी. मूर्ती कोणी न्यायची, पाण्यात कोणी उतरायचे आणि मुलांजवळ काठावर कोणी थांबायचे, हे आरतीपूर्वीच ठरलेले असावे.

सहा वर्षांपुढच्या मुलाला पोहायला आणि पाण्यातली शिस्त पाळायला शिकवावे. त्याहून लहान मूल पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम न करता त्याच्याकडे पाहत राहावे. मोबाइलही खिशात ठेवावा. घरातली भरलेली टाकी आणि बादलीही झाकावी, कारण तान्ह्याला वीतभर पाणी पुरते. खेळणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर तोच हाकेचा इशारा समजावा.

कोणी बुडताना दिसले तर पोहता येत नसताना उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आधी आरडाओरडा करून माणसे जमवावीत. मग लांब काठी, दोरी, साडी, रिकामा डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाकावे. बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा पाय धरून उलटे लटकवून पाणी काढण्याची जुनी पद्धत घातक आहे. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करावा आणि ११२ क्रमांकावर मदत मागवावी. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यावेच. हा उपचार वाचून येत नाही. कोणी शिकवीत असेल तिथे घरातल्या एकाने तरी तो शिकून घ्यावा.

बाकी सुटीच्या दिवशी मुलांनी पिरान्हाचा चित्रपट लावला, तर खुशाल बघू द्यावा. आपणही शेजारी बसावे, मासा कसा रबराचा आहे ते दाखवावे आणि हसावे. फक्त किंकाळीचा प्रसंग आला की मुलांना सांगून ठेवावे, की खरा बुडणारा असा ओरडत नाही. सोबतचा गडी पाण्यात गप्प झाला, तर ओरडायचे ते आपणच.