गळती कोणाची?

अमेरिकेतलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, परवडणारी फी आणि येईल त्याला प्रवेश. पुढे कित्येक दशकं या कॉलेजांचं यश पटसंख्येवरच सांगितलं गेलं. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० साली सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून दाखवलं, की मोठ्या पदवीची आस धरून आलेल्या मुलांची उमेद इथे हळूहळू थंडावत जाते. लेख गाजला, पण दारातून आत आलेल्यांपैकी शिकून किती बाहेर पडले, याचा देशभर एकसारखा हिशेब कोणी मागितला नाही.

तो मागितला १९९०च्या केंद्रीय कायद्याने. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक झालं. मात्र मोजायचे ते पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ विद्यार्थी. आणि दोन वर्षांच्या पदवीला मुदत तीन वर्षांची. आता या कॉलेजांत बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. दिवसभर नोकरी करून रात्री दोन विषय घेणारी आई या हिशेबात नव्हतीच. पदवी न घेता थेट विद्यापीठात गेलेला मुलगाही पदवीधरांत धरला जात नव्हता. मग आकडा वीस टक्क्यांच्या आसपास दिसायचा आणि सगळ्या कॉलेजांवर नापासाचा शिक्का बसायचा. हा अन्याय होता. अर्धवेळ आणि दुसरीकडून आलेल्या विद्यार्थ्यांची आठ वर्षांपर्यंतची नोंद केंद्र सरकारने २०१५-१६ पासून मागायला सुरुवात केली.

खरा बदल २००४मध्ये सुरू झाला. ‘अचीव्हिंग द ड्रीम’ या उपक्रमात सामील झालेली कॉलेजं विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर थांबतात, हे वंश आणि उत्पन्नानुसार तपासू लागली. तेव्हा नजर गेली रेमेडियल वर्गांवर. प्रवेशाच्या वेळी एक छोटी चाचणी, तीत कमी गुण पडले की गणित-इंग्रजीचे विनाक्रेडिट वर्ग, कधी एकामागून एक तीन. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या थॉमस बेली आणि सहकाऱ्यांना आढळलं, की तिकडे पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी ती मालिका पुरी करतात. अनेक जण तर पहिल्या वर्गालाही नाव घालत नाहीत. २०१२मध्ये संशोधक ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी दाखवलं, की त्यांतले बरेच जण थेट मुख्य विषयात पास झाले असते आणि शाळेतले गुण चाचणीपेक्षा चांगला अंदाज देतात. म्हणजे ज्याला विद्यार्थ्यांची गळती म्हणत होते, ती बरीचशी कॉलेजच्याच नियमांनी घडवलेली होती. कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये कायदा करून हे वर्ग सक्तीने लादण्यावर मर्यादा घातली.

राज्यांनी दुसरी वाट धरली, निकालावर अनुदान. टेनेसीने ती १९७९पासूनच चालवली होती. वॉशिंग्टन राज्यात तिचा परिणाम तपासला, तेव्हा अल्पमुदतीची प्रमाणपत्रं वाढली होती, पदव्या नाही. निव्वळ पैशाच्या धाकाने शिक्षण सुधारत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुधारतं कशाने, याचं उत्तर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने दिलं. २००७मध्ये तिथे ‘असॅप’ हा कार्यक्रम निघाला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं. त्याबदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकं मोफत, मेट्रोचा पास, आणि एका सल्लागाराकडे ६० ते ८०च विद्यार्थी. एरवी तोच आकडा ६०० ते १,५०० असायचा. ‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. तीन वर्षांत कार्यक्रमातले ४० टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे तो कमी पडला. पुढे ओहायोच्या तीन कॉलेजांतही असाच निकाल आला.

अमेरिकेत मुलांना कम्युनिटी कॉलेजात घालणाऱ्या मराठी पालकांना एवढंच सांगणं: पदवीचं प्रमाण जरूर पाहा, पण त्यात कोणाला धरलंय हे वाचा, चार वर्षांच्या विद्यापीठात किती जण पोहोचले हे विचारा, आणि एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी आहेत, हे तर आधी विचारा.