बुडविलेल्या भोपळ्याचे बळ

गावच्या विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधण्याची चाल जुनी आहे. तो भोपळा दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून पाहावा. तो हट्टाने विरोध करतो आणि हात निसटताच उसळून वर येतो. दाबताना खर्ची पडलेले श्रम वाया गेलेले नसतात. ते पाण्यात साठून राहिलेले असतात.

ह्याच युक्तीने वीज साठविता येईल काय? दुपारी उन्हापासून मिळणाऱ्या जादा विजेने एखादी बंद टाकी पाण्यात खाली ओढावयाची, आणि रात्री तिला वर सोडून तिच्या दोरावर जनित्र फिरवावयाचे. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. प्रश्न आहे तो मापाचा.

आदिलाबाद जिल्ह्यातील एखाद्या कपाशीच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीत हा प्रयोग केला, असे समजू. २०० लिटरचे रिकामे पिंप. त्याचे स्वतःचे वजन २० किलो. पाणी त्याला १८० किलो वजनाएवढ्या जोराने वर रेटणार. तळाशी कप्पी बसवून ते १२ मीटर खाली नेले, तर साठणारी ऊर्जा अवघी ६ वॅट-तास! ९ वॅटचा एक दिवा ४० मिनिटे तेवेल. तोही कप्पी, दोर व जनित्र ह्यांनी आपला वाटा घेतला नाही तर. पाच अश्वशक्तीची मोटर तासभर चालवावयाची, तर अशी सहाशेहून अधिक पिंपे हवीत. शिवाय तेवढ्या खोलीवर पिंपाचा पत्रा चेपण्याचे भय आहेच.

ह्याचे कारण आर्किमिडीजच्या नियमात आहे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकाच रेटा तिला मिळतो. म्हणजे टाकी खाली ओढणे हे वस्तुतः तेवढे पाणी वर उचलणेच होय. एक घनमीटर आकाराच्या हलक्या टाकीत एक युनिट वीज साठवावयाची, तर ती सुमारे ३६७ मीटर खोल न्यावी लागेल. आदिलाबादचा प्रसिद्ध कुंतला धबधबा सुमारे ४५ मीटर उंच. तसे आठ धबधबे एकावर एक रचावेत, तेव्हा कोठे ही खोली होते. समुद्रात ती मिळते, पण तेथील दाब वातावरणाच्या सुमारे ३६ पट असतो.

पाणीच उचलावयाचे, तर टाकीची मध्यस्थी कशाला? सह्याद्रीत घाटघर येथे २००८ पासून हेच काम उघडपणे चालते. वरचा जलाशय अकोले तालुक्यात प्रवरेवर, खालचा घाटाखाली शहापूर तालुक्यात. दोहोंमध्ये सुमारे ४०० मीटरांचा उतार. वीज जादा असेल तेव्हा १२५ मेगावॅटचे दोन संच खालचे पाणी वर चढवितात, आणि मागणी वाढली की तेच पाणी उतरताना तेच संच उलट फिरवून वीज देते.